जोडतारे बघताना या चुका टाळा

पाऊस संपून साताऱ्याचं आकाश उघडलं की नवी दुर्बीण घेतलेली मंडळी आमच्या गच्चीवर येतात. तक्रार ठरलेली, "जोडतारा दिसतच नाही." जोडतारा म्हणजे एकमेकांजवळ दिसणारी ताऱ्यांची जोडी, नुसत्या डोळ्यांना बहुतेकदा एकच तारा. दुर्बिणीत दोष क्वचितच असतो. नडते ती घाई.

मला सगळ्यात जास्त त्रास होतो तो सुरुवातीलाच जबर मॅग्निफिकेशन लावण्याचा. गेल्या एप्रिलमध्ये शेजारचा एक मुलगा 700 मिलिमीटर नाभीय अंतराची, 70 मिलिमीटर भिंगाची दुर्बीण घेऊन आला. 4 मिलिमीटरची आयपीस (डोळ्याकडचं भिंग), तिच्यासोबत मॅग्निफिकेशन दुप्पट करणारं बार्लो भिंग, म्हणजे 350 पट. बघायचे होते वसिष्ठ-अरुंधती. पाऊण तास नळी ढकलत होता. एक तारा सापडला की दुसरा गायब. या दोघांत सुमारे 12 कलांचं अंतर (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग), आणि त्याला आकाश दिसत होतं जेमतेम 8 कला. मावणार कसे? मी दोन्ही काढून 25 मिलिमीटरची आयपीस लावली. 28 पटींत दोघं आरामात आले, आणि वसिष्ठही फुटून दोन झाला! त्याचा सोबती 14 विकलांवर असतो (विकला म्हणजे कलेचा साठावा भाग). मोठ्या ठिपक्याशेजारी एक लहान ठिपका आणि मधे बारीक काळी फट. 1617 साली गॅलिलिओचा शिष्य कास्तेल्ली याला हीच जोडी दिसली होती.

लग्नात अरुंधती दाखवताना आधी शेजारचा ठळक तारा दाखवतात, मग तिच्याकडे नेतात. स्थूलारुंधती न्याय म्हणतात तो हाच. माझीही सवय तशीच आहे. आधी नुसते डोळे, मग द्विनेत्री (बायनॉक्युलर), मग 25 ची आयपीस. त्यावर भागलं नाही तरच 10 ची. खोक्यावर छापलेल्या पाचशे-सहाशे पटींवर विश्वास ठेवू नका. 70 मिलिमीटरला 140 पट म्हणजे डोक्यावरून पाणी.

द्विनेत्री हातात धरून बारीक जोड्या फुटत नाहीत. हंस तारकासमूहाच्या चोचीतला अल्बिरिओ हा जोडतारा 35 विकलांचा आहे. माझ्या 10x50 द्विनेत्रीत (10 पट, 50 मिलिमीटरची भिंगं) तो ट्रायपॉडवर सुटा होतो, हातात नुसता लांबट थरथरतो. ट्रायपॉड नसेल तर कठड्यावर कोपरं टेका. तारा डोक्यावर असेल तर सतरंजीवर आडवे व्हा.

एक चूक मी स्वतः केली आहे, म्हणून तळमळीने सांगतो. द्विनेत्री नुसत्या पिशवीत गुंडाळून स्कूटरच्या डिकीत टाकली आणि यवतेश्वरचा घाट चढलो. वर पठारावर श्रवण बघितला, जोडतारा. अभिजित बघितला, तोही जोड. वहीत दोन्हींची चित्रं काढली. तिसऱ्या ताऱ्याला शंका आली, कारण फट तेवढीच आणि कलही तोच. डावा डोळा मिटला तर एकच तारा उरला. खड्ड्यांत आतला प्रिझम सरकला होता, दोन नळ्या दोन दिशांना बघत होत्या. तेव्हापासून नवी जोडी दिसली की मी आधी एक डोळा मिटतो. सोबती खरा असेल तर जात नाही. आणि प्रिझम सरकलाच तर घरी स्क्रू पिळत बसू नका. जाणकाराकडे द्या.

द्विनेत्रीत दोन्ही डोळ्यांचा फोकस वेगवेगळा जुळवा, तोही ताऱ्यावर, लांबच्या दिव्यावर नाही. खिडकीच्या काचेतून बघू नका. उन्हाळ्यात दिवसभर तापलेल्या स्लॅबवर संध्याकाळी सातला तारा उकळताना दिसणारच, दहानंतर या. कासच्या बाजूला ऑक्टोबरात दव इतकं पडतं की भिंग बघता बघता धुरकट होतं. ते रुमालाने घासू नका, पुढे पुठ्ठ्याची नळी लावा. पौर्णिमा आहे म्हणून घरी बसायचंही कारण नाही, ठळक जोड्यांना चांदणं फारसं बाधत नाही.

राहिले रंग. फोटोसारखा निळा दिसत नाही म्हणून लोक अल्बिरिओ अर्ध्या मिनिटात सोडतात. दिवाळीच्या सुमारास रात्री आठला तो पश्चिमेला चांगला वर असतो. दोन मिनिटं शांत बघा, मग फोकस केसभर बिघडवा. ठिपके जरा पसरले की एक सोनेरी आणि एक निळसर उमटतो.