बिअर्डेड ड्रॅगनची आंघोळ: पाणी भरण्याआधीची तयारी

आमच्या बिअर्डेड ड्रॅगनला, म्हणजे घरी पाळलेल्या दाढीवाल्या सरड्याला, पहिल्यांदा आंघोळ घातली तेव्हा टब स्वच्छ होता, पाणी कोमट होतं, टॉवेल हाताशी होता आणि तरीही सगळं चुकलं. त्याला टबात ठेवून मी वरून नळ सोडला. पाण्याचा आवाज येताच त्याची दाढी, म्हणजे गळ्याखालची काटेरी कातडी, हनुवटीपासून गळ्यापर्यंत काळी पडली, अंग फुगलं आणि पाय तळाला टेकेनासे झाले. घाबरून त्याने फुप्फुसांत हवा भरून घेतली होती, त्यामुळे तो तरंगत होता आणि टबाची गुळगुळीत भिंत चढायला धडपडत होता. पुढे महिनाभर नुसता टब दिसला तरी तो अंग चपटं करून मागे सरायचा. ही यादी त्या महिन्यात तयार झाली, आणि तिचा बराचसा भाग पाणी भरण्याच्या आधीचा आहे.

आधी आंघोळीची गरज आहे का ते ठरवा. हा प्राणी मूळचा ऑस्ट्रेलियाच्या आतल्या कोरड्या भागातला. पाण्यात बसून राहणं त्याच्या अंगवळणी पडलेलं नसतं. त्याची खवल्यांची कातडी पाणी शोषून घेत नाही, तेव्हा ‘भिजवलं म्हणजे तहान भागली’ हा समज सोडून द्या. पाणी त्याच्या पोटात तोंडावाटेच जातं: पाल्यातून, किड्यांतून, चाटलेल्या थेंबांतून. तरीही आंघोळीचे फायदे आहेत. बरेच ड्रॅगन टबात उभे राहूनच पाणी पितात, सुटत आलेली कात मऊ पडते आणि पोट साफ व्हायला मदत होते. निरोगी प्राण्याला आठवड्यातून एकदा पुरे. घरात नवा आला असेल तर पहिले दोन आठवडे टबाचं नावही काढू नका. अंगावर उघडी जखम किंवा टाके असतील, श्वासाला आवाज येत असेल, नाकातोंडाशी बुडबुडे दिसत असतील, तर आंघोळ नको. सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेल्या पशुवैद्याकडे न्या. (पिंजऱ्यातल्या उष्ण दिव्याखाली शेकत बसल्यावर तोंड उघडं ठेवणं वेगळं. तो अंगातली जास्तीची उष्णता बाहेर टाकत असतो.) खूप दिवस शी झाली नसेल, त्यात तो मलूल असेल किंवा मागचे पाय ओढत असेल, तर कोमट पाण्याच्या भरवशावर वेळ घालवू नका.

सामान थोडंच लागतं. पसरट टब घ्या, पण पारदर्शक किंवा चकचकीत नको. काहींना आपलंच प्रतिबिंब दुसरा ड्रॅगन वाटतं आणि ते त्याच्यावर दाढी फुगवतात. शेपटीसकट पूर्ण वाढलेला ड्रॅगन ४५ ते ६० सेंटिमीटर भरतो, त्याला टबात आरामात वळता आलं पाहिजे. तळाशी अंथरायला जुना सुती टॉवेल हवा. माझ्या मते या यादीतली सगळ्यांत महत्त्वाची वस्तू हीच. नख्या रुतल्या की पाय घसरत नाहीत, आणि पाय घसरले नाहीत तर निम्मी भीती गेली. एका कोपऱ्यात चपटा, खडबडीत दगड ठेवा, म्हणजे वाटेल तेव्हा पाण्याबाहेर चढता येईल. शिवाय डिजिटल थर्मामीटर, एक मग, दोन कोरडे टॉवेल, मऊ केसांचा नवा टूथब्रश आणि थोडे टिश्यू पेपर. साबण, शाम्पू यातलं काही लागत नाही. हे सगळं फक्त त्याचंच ठेवा. सरपटणारे प्राणी ठणठणीत दिसत असले तरी त्यांच्या पोटात साल्मोनेला जंतू असू शकतात, म्हणून स्वयंपाकघरातलं सिंक किंवा भांडी अजिबात वापरू नका.

आता खरी तयारी. कोरडा टब, त्यात तो टॉवेल आणि दगड, असं सगळं तो फिरतो त्या जागी नेऊन ठेवा. दोन-तीन दिवस काहीच करू नका. मग त्याच्या आवडीचा किडा किंवा हिरवं पान टबात ठेवून त्याला आत घ्या. खाल्लं की बाहेर काढा, फार तर पाच मिनिटं. तो स्वतःहून दगडावर चढून इकडेतिकडे बघायला लागला की टॉवेल कोमट पाण्यात पिळून अंथरा. नंतर नखं बुडतील एवढंच पाणी, नंतर घोट्यापर्यंत, आणि शेवटी पुढच्या पायाच्या कोपरापर्यंत. त्याहून वर कधीच नाही. हे आठ दिवसांत होईल की महिन्याभरात, ते त्याच्या दाढीच्या रंगावरून ठरवा. दाढी गडद झाली की आदल्या दिवशीच्या पायरीवर परत या. खाऊ मात्र पाण्याच्या दिवशी आंघोळीनंतर द्या, टबात नको, कारण भरल्या पोटी भिजवलं तर तो खाल्लेलं बाहेर काढू शकतो.

उचलण्याचीही सवय याच दिवसांत लावा. त्याच्या डोक्यावर, मधोमध, एक फिकट ठिपक्यासारखं खवलं असतं. ते त्याचं तिसरं नेत्र. त्याने चित्र दिसत नाही, पण उजेड आणि सावली कळते. वरून हात आला की त्याच्या लेखी शिकारी पक्षीच आला. म्हणून हात बाजूने, त्याला दिसेल असा आणा, तळवा पोटाखाली सरकवा, चारही पायांना आणि शेपटीच्या बुडख्याला आधार द्या. टबातही आधी मागचे पाय टेकवा आणि हात लगेच काढू नका. त्या चार-पाच सेकंदांत तो तुमच्या बोटांवरची पकड सोडतो की घट्ट करतो, हे नीट जाणवतं. घट्ट केली तर थांबा.

आंघोळ सकाळी ठेवा, दिवे लागून तास-दीड तास झाल्यावर. त्याच्या अंगाची ऊब बाहेरून येते. थंड अंगाने पाण्यात गेला तर ताण वाढतो. पंखा बंद, खिडकीचा झोत बंद, घरातला कुत्रा किंवा मांजर दुसऱ्या खोलीत. पाणी तो खोलीत येण्यापूर्वीच भरून ठेवा. थर्मामीटर ३२ ते ३४ अंश सेल्सिअस दाखवेल असं करा. हाताला हे पाणी ना गरम लागतं ना गार, त्यामुळे हाताच्या अंदाजावर जाऊ नका. आपल्याला छान गरम वाटणारं पाणी त्याला जास्त होतं. उथळ पाणी भराभर निवतं, म्हणून दर पाच मिनिटांनी बघा. निवलं असेल तर त्याला दगडावर घ्या, टबाच्या दुसऱ्या टोकाला मगाने थोडं गरम पाणी घाला, हाताने ढवळा, परत मोजा.

तो पाण्यात असताना तुमचं काम बघण्याचं. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. त्याला एकटं सोडून क्षणभरही उठायचं नाही. दाढी काळी, पोटावर गडद रेघा, फुगलेलं अंग, भिंतीवर सतत पंजे मारणं, ही सगळी ‘मला बाहेर काढा’ची भाषा. तो पोहतोय असं वाटून कौतुकाने बघत बसू नका. डोळे मिटून निश्चल बसणं म्हणजे सुख, असंही धरून चालू नका. नको ते सहन करतानाही तो डोळे मिटतो. रमलेला ड्रॅगन वेगळा दिसतो: पुढच्या पंजांची बोटं मोकळी पसरलेली, अंग सैल, मान वळवून आजूबाजूला बघणं. मग कधीतरी नाक पाण्याशी नेतो, थबकतो आणि जीभ बाहेर काढून लपलप पाणी प्यायला लागतो. तेव्हा हलूही नका, जरा हललात तरी तो प्यायचा थांबतो. पाणी ओतायचं ते पाठीवरून, मगाची बारीक धार करून. डोक्यावर कधीच नाही. नाकातून फुप्फुसात गेलं तर जिवावर बेतू शकतं.

दहा-पंधरा मिनिटं खूप झाली. मध्येच शी केली, आणि बरेच जण करतात, तर त्याला लगेच उचला आणि पाणी पूर्ण बदला, कारण तो तेच पिईल. कात सुटत असेल तर ब्रश खवल्यांच्या दिशेने हलका फिरवा. बोटं आणि शेपटीचं टोक बारकाईने तपासा. तिथे जुन्या कातेचं कडं अडकून राहिलं तर रक्तपुरवठा तुटतो आणि बोट गळूनही पडतं. पण ओढून काढू नका. आज सुटली नाही तर पुढच्या आठवड्यात बघा. सुजलेलं किंवा काळं पडलेलं बोट दिसलं तर मात्र डॉक्टर.

बाहेर काढल्यावर दाबून टिपा, चोळू नका. बगला, पोट आणि जांघा कोरड्या करायच्या राहून जातात. मग थेट शेकायच्या जागी, जिथला पृष्ठभाग ३८ ते ४२ अंशांवर असतो. दिवे मालवायला अजून बरेच तास हवेत. ओल्या अंगाने रात्र काढू देऊ नका. टब गरम पाण्याने आणि साबणाने घासा, जंतुनाशक लावा, खळखळून धुऊन उन्हात वाळवा. हात साबणाने निदान २० सेकंद धुवा. पाच वर्षांखालच्या मुलांना या कामात घेऊ नका.

आणि एक वही ठेवा. तारीख, पाण्याचं तापमान, किती मिनिटं, दाढीचा रंग, पाणी प्यायला का. काही ड्रॅगनच्या वहीत दोन महिन्यांनंतरही ‘दाढी काळी’ हेच येत राहतं. असं असेल तर टब उचलून ठेवा. पाल्यावर पाणी शिंपडून द्या, नाकापुढे ड्रॉपरने थेंब धरा, काढायची असेल ती घाण ओल्या फडक्याने टिपून घ्या. त्याचं एवढ्यावर नीट भागतं.