तळहातातली धडधडणारी गाठ : सुरी लावण्याआधी आणि नंतर

करंगळी आणि अनामिका निळसर पडलेला सुतार किंवा गॅरेजवाला समोर बसला, की मी आधी विचारतो, "दादा, हातानं ठोकता का?" हातोडी लांब राहिली की ही मंडळी तळहाताच्या करंगळीकडच्या उंचवट्यानंच फळी ठोकून बसवतात. तिथं अल्नर आर्टरीवर (हाताच्या करंगळीकडची रक्तवाहिनी) आवरण जेमतेम, खाली मनगटातल्या हॅमेट हाडाचा आकडा. रोजच्या माराला आर्टरीची भिंत फुगते, तीच ही धडधडणारी गाठ; आत रक्त गोठतं आणि गुठळीचे कण बोटांत जाऊन अडकतात.

रेनॉड (थंडीनं बोटांच्या रक्तवाहिन्या आकसण्याचा आजार) समजून गोळ्या लिहायची घाई नको. त्यात सहसा दोन्ही हात असतात. इथं एकच, बहुधा कामाचा हात आणि अंगठा बहुतेक वाचलेला. गँगलियन (सांध्याजवळची पाण्याची साधी गाठ) समजून गाठीत सुई तर अजिबात घालू नका, आधी बोट ठेवून ठोका बघा. नंतर अ‍ॅलन टेस्ट, म्हणजे कोणत्या नाडीतून हाताला रक्त येतं ते बघणं. मूठ आवळून मनगटाच्या दोन्ही नाड्या (अंगठ्याकडची रेडियल, करंगळीकडची अल्नर) दाबा, हात उघडायला लावा (बोटं ताणू देऊ नका, निकाल चुकतो) आणि एकेक नाडी सोडा. अल्नर सोडल्यावर तळवा पांढराच राहिला, तर संशय पक्का. डॉपलरवर (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) गाठ आणि गुठळी दिसते, पण बोटांच्या कुठल्या नळ्या बंद आहेत हे अँजिओग्राफीच (रंगद्रव्य सोडून काढलेला रक्तवाहिन्यांचा फोटो) सांगते. हृदय आणि सबक्लेव्हियन (गळपट्टीच्या हाडाखालची, हाताला रक्त नेणारी आर्टरी) तपासून गुठळी वरून येत नाही ना, तेही बघा.

ऑपरेशन ब्लॉकखाली (फक्त हात बधिर करून), टूर्निके (रक्त थांबवणारा पट्टा) बांधून, डोळ्यांना लूप (भिंगाचा चष्मा) लावून. गुयॉन कॅनॉल (मनगटातून आर्टरी आणि नर्व्ह जाण्याचा बोगदा) उघडला की घाई संपली. अल्नर नर्व्ह (मज्जातंतू) आर्टरीच्या करंगळीकडच्या अंगाला असते. तिची खोल जाणारी फांदी हाडाच्या आकड्याला वळसा घालते. ती दुखावली तर रक्तपुरवठा सुधारूनही बोटांची ताकद जाते. गाठीच्या वर आणि खाली आर्टरीचा ताबा घ्या, आतलं अस्तर निरोगी दिसेपर्यंत गाठ कापून काढा. मग टूर्निके सोडा आणि बोटं बघा. रेडियलवरच सगळी गुलाबी झाली आणि खालच्या टोकातून रक्त जोरात आलं, तर आर्टरीची टोकं नुसती बांधूनही भागतं. मी मात्र तरुण कामगाराची आर्टरी जोडतोच. ताण येत नसेल तर टोकाला टोक, ८-० नायलॉननं. नाहीतर हाताची शीर काढून, उलटी करून मध्ये जोडतो, म्हणजे झडपा आडव्या येत नाहीत.

घरी सोडताना अ‍ॅस्पिरिन, बिडी बंद आणि ठोकायला लाकडी मोगरी. शेवटचं बायकोसमोर सांगा, एकटा असला की तो नुसता "हो हो" म्हणतो.