छोट्या विमानासाठी हेडसेट निवडताना

एका इंजिनाच्या छोट्या विमानात कानाला सर्वाधिक त्रास होतो तो खालच्या पट्टीतल्या घरघरीचा. दोन पात्यांचा प्रोपेलर मिनिटाला २४०० फेरे घेत असेल, तर पाती सेकंदाला ८० वेळा हवा कापतात, आणि ८० हर्ट्‌झच्या आसपासचा हा आवाज कानावर कितीही घट्ट कप बसवला तरी बराचसा आत येतोच. कामाच्या ठिकाणच्या सुरक्षेवर व आरोग्यावर संशोधन करणाऱ्या अमेरिकेतील नायोश या संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबलचा आवाज दिवसातून आठ तास चालतो, पण दर ३ डेसिबलमागे ही मर्यादा निम्मी होते. म्हणजे ९४ डेसिबलला ती जेमतेम एक तास उरते. कानाची झालेली हानी भरून येत नाही, म्हणून ही निवड सवडीने करावी.

साधा, म्हणजे पॅसिव्ह हेडसेट केवळ कप आणि गाद्यांच्या बळावर आवाज अडवतो आणि वरच्या पट्टीत तो उत्तम काम करतो. एएनआर (अ‍ॅक्टिव्ह नॉइज रिडक्शन) हेडसेटमध्ये कपाच्या आतला छोटा मायक्रोफोन आवाज टिपतो आणि स्पीकर त्याच्या उलट लहर सोडतो, त्यामुळे खालच्या पट्टीतली घरघर विरते. इंजिनातला बिघाड ऐकू येणार नाही अशी भीती शिकाऊ वैमानिकांना वाटते. प्रत्यक्षात घरघर दबल्यावर इंजिनाच्या आवाजातला बदल आणि रेडिओवरचे बोलणे बहुधा अधिक स्पष्ट कळते.

तरीही माझ्या मते पहिली परीक्षा गादीचीच घ्यावी. चष्म्याच्या जाड काड्यांमुळे गादी आणि त्वचा यांच्यात फट पडते, आणि त्या फटीतून शिरणारा आवाज महागड्या हेडसेटलाही निष्प्रभ करतो. म्हणून उड्डाणात वापरायचाच चष्मा घालून, शक्य असल्यास त्याच विमानात, निदान तासभर हेडसेट लावून पाहावा. या तासात एएनआर काही वेळ मुद्दाम बंद करावे. बॅटरी संपल्यावरही रेडिओ ऐकू येत राहिला पाहिजे आणि उरलेला आवाज सोसवला पाहिजे. जो हेडसेट यात नापास होतो तो घेऊ नये. संगीतासाठी मिळणारे आवाज दाबणारे हेडफोन या कामाचे नाहीत, कारण त्यांना ओठांजवळ येणारा, विमानाच्या इंटरकॉमशी जुळणारा मायक्रोफोन नसतो.

प्लग आधी तपासावेत. बहुतेक छोट्या विमानांत ऐकण्यासाठी एक आणि बोलण्यासाठी एक असे वेगवेगळ्या जाडीचे दोन प्लग लागतात, तर अनेक हेलिकॉप्टरांत एकच. ब्लूटूथ असेल तर रेडिओवर कोणी बोलू लागताच फोनचा आवाज आपोआप दबतो का, हे पाहावे.

मायक्रोफोन ओठांपासून काही मिलिमीटरवरच ठेवावा. तो दूर गेला की आवाज गाळण्याची त्याची क्षमता घटते आणि नियंत्रकाला आपल्या शब्दांऐवजी इंजिनच ऐकू येते. गाद्या कडक झाल्या किंवा चिरल्या, तर हेडसेट बदलण्याआधी फक्त गाद्या बदलून पाहाव्यात.