लोकांनी ऐकलं, तरी आजार हटेना? आरोग्यशिक्षणातल्या या चुका टाळा

सभा झाली, पत्रकं वाटली, फोटो निघाले, नोंदवहीत उपस्थिती लागली. पुढच्या महिन्यात त्याच वस्तीतून पुन्हा जुलाबाची मुलं आणि डेंग्यूचे ताप. मग कार्यकर्त्यांच्या बैठकीत ठरलेलं वाक्य येतं: "लोक ऐकतच नाहीत." खरं तर बहुतेकांनी ऐकलेलं असतं. घरी जाऊन ते करताना कुठेतरी अडतं, आणि तिथे आपण डोकावलेलंच नसतं.

सप्टेंबर १९७८ मध्ये आल्मा-आटाच्या (आजच्या कझाकस्तानातलं अल्माटी) आंतरराष्ट्रीय परिषदेने प्राथमिक आरोग्यसेवेत किमान काय हवं याची यादी केली. त्या यादीत सर्वांत वर आहे ते आपल्या भागातले आजार आणि ते टाळण्याचे उपाय यांचं शिक्षण. अत्यावश्यक औषधं शेवटी आहेत. प्रत्यक्षात दवाखान्यात नेमकं उलटं चालतं: गोळ्या आधी, बोलणं वेळ उरला तर. खालच्या चुका त्यातूनच होतात. वस्तीत काम करणाऱ्या आरोग्यसेविका, स्वयंसेवक आणि छोट्या दवाखान्यातले कर्मचारी यांना त्या ओळखीच्या वाटतील.

"समजलं ना?" विचारून उठणं

या प्रश्नाला "हो" सोडून दुसरं उत्तर येत नाही. समोरची बाई मान हलवते, आपण पुढच्या घरी जातो. त्याऐवजी म्हणा, "मी नीट सांगितलं का ते मला बघायचंय, तुम्ही एकदा करून दाखवा." म्हणजे परीक्षा आपली होते, तिची नाही, आणि ती संकोच न करता हात चालवते.

ओआरएसच्या, म्हणजे जुलाबात पाण्यात कालवून पाजायच्या मीठ-साखरेच्या पुडीच्या बाबतीत हे हमखास दिसतं. पाकीट द्या, पाणी द्या, आणि काही न बोलता बघत राहा. पाकिटाचा कोपरा फाटतो, अंदाजाने निम्मी पूड पेल्यात पडते, उरलेलं पाकीट घडी घालून डब्यामागे जातं. पेल्यात चमचा फिरतो, चव घेतली जाते आणि "खारट लागतंय" म्हणून वरून साखर पडते. तिच्या दृष्टीने सगळं नीट झालेलं असतं. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचं २०.५ ग्रॅमचं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यासाठी असतं. निम्मी पूड एका पेल्यात गेली की मिश्रण फार दाट होतं. वरच्या साखरेने जुलाब वाढतात आणि जास्तीचं मीठ बाळाला घातक ठरू शकतं. उलट, "पुरवून वापरू" म्हणून दोन लिटरमध्ये कालवलं तर त्याचा गुण येत नाही. बाजारात एका पेल्यापुरती छोटी पाकिटंही मिळतात, म्हणून दर वेळी पाकिटावरचं पाण्याचं माप वाचायला शिकवा. घरातलं नेमकं कुठलं भांडं एक लिटरचं आहे ते तिथेच मोजून ठरवा आणि त्यावर खूण करा. माझ्या मते दहा पत्रकांपेक्षा ही एक खूण जास्त उपयोगाची.

पाजल्यावर बाळ ओकलं की घरचे थांबतात. सांगायचं असं: दहा मिनिटं थांबा, मग चमच्या-चमच्याने, सावकाश पुन्हा सुरू करा. दोन वर्षांखालच्या मुलाला प्रत्येक पातळ शौचानंतर ५० ते १०० मिली, मोठ्या मुलाला १०० ते २०० मिली. कालवलेलं पाणी २४ तासांनंतर टाकून द्या. स्तनपान आणि नेहमीचं खाणं बंद करू नका. झिंकची गोळी जुलाब थांबले तरी १० ते १४ दिवस चालू ठेवायची: सहा महिन्यांवरच्या बाळाला रोज २० मिलिग्रॅम, त्याहून लहान बाळाला १०. बाळ सुस्त पडलं, डोळे खोल गेले, पिणंच सोडलं किंवा शौचात रक्त दिसलं, तर घरी वाट बघत बसायचं नाही.

हे घरच्यांना जमेल का, अशी शंका डॉक्टरांनाच जास्त असते. १९७१ च्या बांगलादेश मुक्तियुद्धाच्या वेळी पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलऱ्याची साथ आली आणि सलाइन पुरेना. डॉ. दिलीप महालनाबिस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा यांचं पाणी पिंपांत तयार ठेवलं आणि ते पाजायचं काम रुग्णांच्या नातेवाइकांवर सोपवलं. सुमारे ३० टक्के असलेलं मृत्यूचं प्रमाण ४ टक्क्यांच्या खाली आलं. पाजणारे हात नातेवाइकांचेच होते. मात्र द्रावण मोजून तयार केलेलं होतं आणि पाजताना शेजारी सांगणारं कोणी तरी होतं.

धूर फवारला म्हणजे डास संपले

आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. धुराने मरतात ते त्या क्षणी उडणारे डास. घरातल्या पिंपातल्या अळ्यांना त्याची झळ लागत नाही, आणि आठवड्या-दीड आठवड्यात नवी पिढी उडायला लागते. धुराची गाडी डोळ्यांना दिसते, म्हणून तिची मागणी होते. झाकलेलं पिंप कुणाला दिसत नाही.

डेंग्यूचा डास दिवसा चावतो आणि साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. "गटारं साफ करा" हा संदेश एरवी चांगला असला तरी इथे नेम चुकतो. आठवड्यातून एक दिवस ठरवून पिंप, टाकी, कुंडीखालची ताटली, टाकून दिलेला टायर, फ्रिजमागचा ट्रे असं सगळं रिकामं करायचं. इथे आणखी एक गोची आहे. पाणी नुसतं ओतून दिलं तर अंडी भांड्याच्या कडेला चिकटून राहतात. ती कोरडी असतानाही कित्येक महिने तग धरतात आणि पाणी भरलं की फुटतात. म्हणून आतली कड घासायची. घरातल्या कुणालाही टॉर्च घेऊन पाण्यात वळवळणाऱ्या अळ्या एकदा दाखवा, पुढचं भाषण लागत नाही.

तापाबद्दलही एक गैरसमज काढायला हवा. डेंग्यूत ताप उतरला की लोक सुटकेचा श्वास टाकतात, पण धोक्याची लक्षणं बहुधा त्याच सुमारास येतात: पोटात सतत दुखणं, वारंवार उलट्या, हिरड्या-नाकातून रक्त, ग्लानी. अंगदुखीसाठी ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन स्वतःहून घ्यायचं नाही, त्याने रक्तस्रावाचा धोका वाढतो.

नितळ पाणी म्हणजे शुद्ध पाणी

जंतू दिसत नाहीत, त्यामुळे डोळ्यांवर विसंबून चालत नाही. १८५४ मध्ये लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटवरच्या ज्या पंपाच्या पाण्याने कॉलरा पसरल्याचं जॉन स्नो यांनी दाखवून दिलं, ते पाणी दिसायला तसं वाईट नव्हतं. लोक आवडीने पीत होते.

"पाणी उकळून प्या" सांगण्याआधी त्या घरात इंधन किती आहे ते विचारा. नसेल तर क्लोरीनचा पर्याय द्या, पण तिथेही दोन चुका होतात. गढूळ पाण्यात थेट औषध टाकलं की त्याचा जोर गाळातच खर्च होतो, म्हणून आधी गाळा. आणि टाकल्या टाकल्या पिऊ नका, ३० मिनिटं थांबा. गोळ्यांची ताकद वेगवेगळी असते, मात्रा वेष्टनावर बघा. उकळायचंच असेल तर खळखळून उकळी आल्यावर आणखी एक मिनिट पुरे. आर्सेनिक किंवा फ्लोराइड मात्र उकळून जात नाही, त्याचा इलाज वेगळा.

एवढं करूनही जुलाब सुरूच असतील तर साठवणीचं भांडं बघा. पेला हातासकट आत बुडत असेल तर शुद्ध केलेलं पाणी पुन्हा दूषित होतं. लांब दांड्याचा डाव किंवा नळाचं भांडं ठेवा. हात धुण्याचंही तसंच: साबण कपाटात आणि शौचालय अंगणाच्या टोकाला असेल तर कितीही घोषणा द्या, साबण वापरला जाणार नाही. तो शौचालयाच्या दाराशी, पाण्याशेजारी बांधून ठेवला की आपोआप वापरला जातो.

गोळ्या द्यायच्या, पण पुढे काय होईल ते सांगायचं नाही

क्षयरोगाचं नेहमीचं औषध सहा महिन्यांचं. काही आठवड्यांत खोकला कमी होतो, भूक लागते आणि रुग्णाला वाटतं, झालो बरा. "औषध सोडू नका" एवढं सांगून भागत नाही. पहिल्याच दिवशी म्हणा, "महिन्या-दोन महिन्यांत गोळ्या थांबवाव्याशा वाटतील, त्या दिवशी आधी माझ्याकडे या." आणि त्यातल्या रिफाम्पिसिन या औषधाने लघवी नारिंगी होते हेही सांगा. न सांगितल्यास माणूस घाबरून रक्त समजतो आणि गोळ्या गुपचूप बंद करतो. डोळे पिवळे झाले, दृष्टी अंधुक झाली, सतत उलट्या होऊ लागल्या, तर मात्र लगेच यायला सांगायचं. लोहाच्या गोळीने शौच काळं होतं, लस घेतल्यावर बाळाला एक-दोन दिवस ताप येऊ शकतो, हेही त्याच जातीचं. आधी कळलेली गोष्ट माणूस सहन करतो. तीच अचानक झाली की विश्वास उडतो.

लसीचा डोस चुकला तर "आता पहिल्यापासून" असं समजून कित्येक आई-वडील येतच नाहीत. नेहमीच्या बाललसीकरणात पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही, राहिला असेल तिथून पुढे. साधी सर्दी हे बाळाला परत पाठवण्याचं कारण नाही. गोवर थोपवायला सुमारे ९५ टक्के मुलं संरक्षित असावी लागतात, एवढ्या तेवढ्यावरून मुलं परत पाठवणं परवडणारं नाही.

रक्तदाब घाईत मोजणं

शिबिरात रांग असते. माणूस जिना चढून येतो, खुर्चीत टेकतो, बाहीवरूनच पट्टा बांधला जातो आणि शेजाऱ्याशी गप्पा चालू असताना आकडा लिहिला जातो. त्या आकड्यावर कुणाला आयुष्यभराची गोळी लागू शकते. पाच मिनिटं शांत बसवा. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, दंड उघडा आणि हृदयाच्या पातळीवर टेकवलेला. पट्टा दंडाच्या मापाचा हवा, जाड दंडावर छोटा पट्टा आकडा फुगवतो. अर्ध्या तासात चहा-कॉफी किंवा विडी-सिगारेट झालेली नसावी, लघवीला लागलेली नसावी, मोजताना बोलणं बंद. एक-दोन मिनिटांनी पुन्हा मोजा. जास्त आला तरी एका दिवसावर शिक्का मारू नका, दुसऱ्या दिवशी बोलवा. आकडा फारच चढलेला असेल किंवा छातीत दुखणं, धाप, बोलणं अडखळणं असेल तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांकडे.

घाबरवणं आणि लाजवणं

सडलेल्या फुफ्फुसांची चित्रं लावली की लोक चित्राकडे बघायचं टाळतात, त्यापलीकडे फार काही होत नाही. "तुमच्याच घाणीमुळे मूल आजारी पडलं" असं चारचौघांत ऐकलेली आई पुढच्या वेळी मूल आजारी असल्याचंच लपवते. मग उशीर होतो, आणि दोष पुन्हा तिलाच.

वर पाठवलं, विषय संपला

मोठ्या दवाखान्यात पाठवताना नुसतं "तिकडे जा" म्हणणं ही सर्वांत महागात पडणारी चूक. चिठ्ठीवर तीन गोष्टी हव्यात: काय दिसलं, काय दिलं, काय तपासून हवं. कुठल्या खिडकीवर, कुठल्या वारी, सोबत कोण, जायचं कसं हे तोंडी ठरवून घ्या. आणि आपल्या वहीत पाठवलेल्यांच्या नावापुढे एक रिकामा रकाना ठेवा: "गेले का?" आठवड्याने तो रकाना उघडायचा. ज्यांच्यापुढे काहीच लिहिलेलं नाही, त्या आठवड्याच्या भेटी त्यांच्याच घरापासून सुरू करायच्या, आणि "का गेला नाहीत?" असं न विचारता "काय अडलं?" असं विचारायचं.