आवक आणि जावक: अँड्र्यू ग्रीन यांची पत्रं वाचायची कशी

मी ३१ वर्षं एका वकिलांच्या ऑफिसात टायपिस्ट होते. आलेलं पत्र आवक रजिस्टरला चढवायचं, गेलेल्या पत्राची स्थळप्रत फाइलला लावायची, हे माझं रोजचं काम. निवृत्तीनंतर एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकन वकिलांची पत्रं वाचायचा नाद लागला. मूळ कागद तिकडच्या ग्रंथालयांत आहेत, मी घरी बसून त्यांची छायाचित्रं स्क्रीनवर मोठी करून वाचते. पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट माझ्या ऑफिसातल्या सवयीमुळे ध्यानात आली. माणसाच्या दप्तरात उरते ती मुख्यतः आवक. त्याची जावक दुसऱ्याच्या घरी गेलेली असते. ही एक गोष्ट धरून ठेवली की बाकीचं शिकता येतं, म्हणून ज्यांना हे काम करावंसं वाटतं त्यांच्यासाठी लिहिते आहे. उदाहरण म्हणून घेते न्यूयॉर्कचे वकील आणि सार्वजनिक कामांतले अधिकारी अँड्र्यू हॅस्वेल ग्रीन, कारण या माणसाला मी स्वतः काही महिने चुकीचं वाचलं.

पहिलं पत्र उघडायच्या आधी तारखांचा एक कागद तयार करा. ग्रीन यांचा माझा कागद असा आहे: ६ ऑक्टोबर १८२०, मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टरला जन्म. न्यूयॉर्कचे वकील आणि राजकारणी सॅम्युअल टिल्डन यांच्या ऑफिसात वकिलीचं शिक्षण. शहराच्या शिक्षण मंडळाचे अध्यक्ष. १८५७ पासून सेंट्रल पार्क या शहरातल्या मोठ्या सार्वजनिक बागेच्या आयोगावर, पुढे त्या आयोगाचे कम्प्ट्रोलर. १८६८ मध्ये आसपासच्या वस्त्या जोडून एकच मोठं शहर करावं अशी सूचना. १८७१ ते १८७६ न्यूयॉर्क शहराचे कम्प्ट्रोलर. १ जानेवारी १८९८ रोजी ते एकत्र शहर प्रत्यक्षात आलं. १३ नोव्हेंबर १९०३ रोजी भलताच माणूस समजून एकाने त्यांना त्यांच्या घराच्या दारात गोळी घातली. तेव्हा ते ८३ वर्षांचे होते.

यातला ‘कम्प्ट्रोलर’ शब्द दोनदा आलाय, तो लाल पेनाने अधोरेखित करा. हा हिशेबतपासनीस, पैशाची किल्ली ज्याच्या हातात तो अधिकारी. पण बागेच्या आयोगाचा कम्प्ट्रोलर वेगळा आणि अख्ख्या शहराचा वेगळा. दोन्ही खुर्च्यांवर माणूस एकच, शब्दही एकच. १८६० च्या पत्रात ‘कम्प्ट्रोलरने बिल अडवलं’ असं असेल तर ते बागेचं बिल. १८७३ च्या पत्रात तेच वाक्य असेल तर शहराची तिजोरी. एप्रिल १८७० मध्ये शहराचा नवा कायदा झाला, विल्यम ट्वीड या भ्रष्ट राजकारण्याच्या टोळीने बागेचा कारभार आपल्या माणसांकडे घेतला आणि ग्रीन यांच्या हातातली सत्ता गेली. टोळीचं बिंग फुटल्यावर सप्टेंबर १८७१ मध्ये तेच ग्रीन शहराच्या तिजोरीवर येऊन बसले. मधल्या दीड वर्षातलं पत्र कुठल्या बाजूला पडतं ते ठरवल्याशिवाय पुढे जाऊ नका. बोलताना हा शब्द ‘कंट्रोलर’ असाच उच्चारतात, पण उतरवताना कागदावर आहे तसाच उतरवा.

आता पत्र हातात घ्या, पण मजकुराकडे बघू नका. आधी पाठ बघा. वकिलांच्या ऑफिसात आलेलं पत्र वाचून झालं की उभं घडी घालत आणि पाठीवर कारकून तीन ओळींचा शेरा मारत असे: पाठवणाऱ्याचं नाव, तारीख, विषय, कधी ‘उत्तर दिलं’ आणि त्याची तारीख. हा शेरा म्हणजे आपल्या बारनिशीतली, आवक-जावक रजिस्टरातली नोंदच. पाठवणाऱ्याची सही लागत नसेल तर शेऱ्यात नाव स्वच्छ अक्षरात मिळतं, कारण कारकुनाला ते पुन्हा शोधायचं असे. आणि ‘उत्तर दिलं’ हे दिसलं की समजायचं, एक जावक अस्तित्वात होती. ती कुठे असेल याची नोंद तिथल्या तिथे करून ठेवा.

मी हा नियम सोडला तेव्हा फसले. एका पुरवठादाराचं पत्र होतं, वर जानेवारी १८६०. त्याच्यावरून मी दोन दिवस एक साखळी जुळवत बसले, काही केल्या जुळेना. मग पाठ उघडली. शेऱ्यात १८६१. बिचाऱ्याने नव्या वर्षात जुनं साल लिहिलं होतं, जसं आपण सगळेच पहिले पंधरा दिवस लिहितो. तेव्हापासून जानेवारीतलं कुठलंही पत्र मी शेरा किंवा दुसरा पुरावा मिळाल्याशिवाय वर्षाच्या खणात टाकत नाही. ग्रीन यांच्या बाबतीत हे एक वर्ष फार मोठं आहे. जानेवारी १८६० मध्ये बागेचे अधीक्षक फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड युरोपचा दौरा करून नुकतेच परतले होते. जानेवारी १८६१ मध्ये त्यांनी ग्रीन यांना कंटाळून राजीनामा पुढे केला.

साल मुळीच नसेल तर टपालखर्चावरून अंदाज बांधता येतो. १८४५ पूर्वी दर अंतरावर आणि कागदांच्या संख्येवर होता, लिफाफासुद्धा एक कागद म्हणून मोजला जाई. म्हणून लोक पत्रच घडी घालून लाखेने बंद करत आणि बाहेरच पत्ता लिहीत. १८४५ पासून अर्ध्या औंसाला ३०० मैलांच्या आत ५ सेंट, पुढे १० सेंट. १ जुलै १८४७ ला पहिली तिकिटं आली, ५ सेंटवर फ्रँकलिन, १० सेंटवर वॉशिंग्टन. १८५१ पासून आधी पैसे भरले तर ३००० मैलांपर्यंत ३ सेंट. १८८३ मध्ये तो दर २ सेंटवर आला. म्हणजे ३ सेंटचं तिकीट असलेलं साधं देशांतर्गत पत्र १८५१ ते १८८३ मधलं. एवढ्याने काम होत नाही, पण पट्टा अरुंद होतो.

मजकुरातल्या तारखांचीही एक रीत आहे. ‘आपलं १२ इन्स्टचं पत्र मिळालं’ म्हणजे चालू महिन्याच्या १२ तारखेचं. ‘अल्ट’ म्हणजे गेल्या महिन्याचं, ‘प्रॉक्स’ म्हणजे येत्या महिन्याचं. ३ डिसेंबरच्या पत्रात ‘२८ अल्ट’ असेल तर ते २८ नोव्हेंबर. ही तारीख लगेच पूर्ण करून बाजूला लिहा, कारण ती म्हणजे आयती सापडलेली आवक-जावकची नोंद. २८ नोव्हेंबरला एक पत्र निघालं होतं, हे तुम्हाला ते पत्र न बघता कळलं.

अक्षराची भीती सगळ्यांना वाटते. मोडी शिकलेल्या माणसाला ती जरा कमी वाटते, कारण अक्षर सुटं वाचायचं नसतं, वळणाने वाचायचं असतं हे त्याला ठाऊक असतं. इथेही तसंच. आधी ज्या शब्दांबद्दल शंकाच नाही ते पकडा: न्यूयॉर्क, महिन्याचं नाव, मायना, खालची सही. त्या शब्दांतून एकेक अक्षर उचलून त्या माणसाची बाराखडी एका कागदावर बनवा. त्याचा मोठा ‘टी’ आणि ‘एफ’ कसा, मोठा ‘आय’ आणि ‘जे’ वेगळा आहे का, ओळीच्या शेवटी तो शब्द कसा मोडतो. शतकाच्या मध्यापर्यंत बरेच लोक दोन ‘एस’ सलग आले की पहिला लांब काढत, तो ‘एफ’सारखा दिसतो. ‘काँग्रेस’च्या शेवटी ‘एफ’ दिसला तर तुमचे डोळे ठीक आहेत. वर चढवलेली बारीक अक्षरं म्हणजे शब्द आखडलेला आहे. विल्यमचा ‘डब्ल्यू’ आणि वर चिमुकला ‘एम’. शेवटची ‘आपला आज्ञाधारक सेवक’ ही ओळ तर बहुतेक वेळा नुसती तीन-चार अक्षरांची गाठ असते. तिच्यावर वेळ घालवू नका. ती आपल्या ‘कळावे, लोभ असावा’सारखी आहे.

न लागलेला शब्द रिकामा ठेवा आणि पुढे चला. पाचव्या पत्रात तोच शब्द सरळ लिहिलेला सापडतो, मग मागे येऊन भरा. अंदाजाने भरलेला शब्द दुसऱ्या दिवशी तुम्हालाच खरा वाटायला लागतो, हे मी अनुभवाने सांगते. स्पेलिंग चुकलेलं असेल तर चुकलेलंच उतरवा. आकडे मात्र दोनदा वाचा. पैशाच्या पत्रात एक शून्य इकडचं तिकडे झालं तर पुढचा सगळा अर्थ फिरतो.

जावक मिळण्याची एक हक्काची जागा म्हणजे स्थळप्रतींची वही. पत्राची प्रत दाबून उमटवणाऱ्या यंत्राचं पेटंट जेम्स वॉटने १७८० मध्ये घेतलं होतं, आणि एकोणिसाव्या शतकात धंद्याच्या ऑफिसांत ते सर्रास होतं. खास शाईने पत्र लिहायचं, वहीतलं अगदी पातळ पान ओलसर करून त्यावर ठेवायचं, आणि वही स्क्रूच्या दाबयंत्रात आवळायची. शाईचा ठसा पातळ पानावर उलटा उमटतो, पान इतकं विरळ असतं की दुसऱ्या बाजूने तो सुलटा वाचता येतो. आमच्या कार्बन कॉपीची ही आजी. वाचायला मात्र जिवावर येते: कुठे पाणी जास्त झालं म्हणून शाई पसरलेली, कुठे कमी पडलं म्हणून अर्धी ओळ गायब. छायाचित्र असेल तर रंग काढून टाका, काळं-पांढरं करा, कधी उलटं करून काळ्यावर पांढरं करा. मग बरंच लागतं. आणि वहीच्या सुरुवातीला नावांची अनुक्रमणिका आहे का ते आधी बघा. असेल तर निम्मा वेळ वाचतो.

आता माझी मोठी चूक. ओल्मस्टेड यांची कागदपत्रं वॉशिंग्टनला लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहेत आणि घरबसल्या बघता येतात. मी तिथून सुरुवात केली. ओल्मस्टेड लिहिणारे जबरदस्त. ग्रीन यांच्याबद्दल त्यांनी लिहिलंय की या माणसाच्या पंज्याखालून एक सेंटसुद्धा त्याच्या रक्ताघामाने भिजल्याशिवाय सुटत नाही. असं दहा वेळा वाचलं की ग्रीन म्हणजे कवडीचुंबक खडूस, हे मनात पक्कं होतं. माझंही झालं.

मग मी दुसरी बाजू जुळवायला बसले. १८५८ मध्ये बागेच्या आराखड्यासाठी स्पर्धा झाली, ३३ आराखडे आले, ओल्मस्टेड आणि कॅल्व्हर्ट वॉक्स यांचा पहिला आला, बक्षीस २००० डॉलर. खर्चाची मर्यादा सांगितली होती १५ लाख डॉलर. काम सुरू झाल्यावर ती मर्यादा पाळली जाणार नाही हे लवकरच दिसलं. राजकारणी टपून बसलेले, चौकशी लागलेली. अशा वेळी ज्याच्या सहीने पैसे सुटतात त्याने पावती मागितली, तर तो खडूस की प्रामाणिक? आयोगाचे छापील वार्षिक अहवाल शेजारी ठेवून पत्रं वाचली तेव्हा ओल्मस्टेड यांची चिडचिडही खरी वाटली आणि ग्रीन यांची ओढाताणही. पुढे १८७१ मध्ये ग्रीन शहराच्या कचेरीत आले त्याच्या काही दिवसच आधी तिथली व्हाउचरं चोरीला गेली होती, ट्वीडच्या लुटीचा पुरावाच. अशा टेबलावर बसलेला माणूस तपासल्याशिवाय बिल कसं काढेल? प्रामाणिक ठेकेदारही त्यात भरडले गेले, त्यांनी दावे लावले, तीही पत्रं वाचा. पण दोन्ही वाचा.

म्हणून माझा नियम: एखाद्याविरुद्ध कडक शब्दांतलं पत्र सापडलं की त्याचं उत्तर, किंवा त्याच तारखेच्या आसपासचा दुसरा कुठला तरी कागद मिळेपर्यंत मी मत लिहीत नाही. नुसतं उतरवून ठेवते.

छापील संग्रहाबाबत थोडक्यात. टिल्डन यांची पत्रं १९०८ मध्ये जॉन बिगेलो यांनी दोन खंडांत छापली. बिगेलो हे टिल्डन यांचे मित्र आणि ग्रीन यांच्या बरोबरीने मृत्युपत्राचे एक व्यवस्थापक. निवड त्यांची आहे, हे लक्षात ठेवून वाचा. मूळ कागद न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीत आहेत.

सरावासाठी एकच प्रकरण निवडा, सगळा माणूस अंगावर घेऊ नका. मी सुचवेन ते टिल्डन यांच्या मृत्युपत्राचं. ४ ऑगस्ट १८८६ ला टिल्डन वारले. संपत्तीचा मोठा भाग न्यूयॉर्कमध्ये मोफत ग्रंथालय काढण्यासाठी ठेवला होता. पुतण्यांनी दावा लावला आणि १८९१ मध्ये ती तरतूद कोर्टाने रद्द ठरवली. एका वारस बाईंशी झालेल्या तडजोडीमुळे सुमारे २० लाख डॉलर तरी वाचले. शेवटी २३ मे १८९५ रोजी टिल्डन ट्रस्ट आणि ॲस्टर व लेनॉक्स ही दोन ग्रंथालयं एकत्र आली आणि न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररी जन्मली. नऊ वर्षांची ही गोष्ट. एक लांब पट्टी घ्या, वर या तारखा मांडा, खाली दोन ओळी आखा, एक आवकची, एक जावकची. सापडलेलं प्रत्येक पत्र तारखेखाली त्याच्या ओळीत टाका. ‘२८ अल्ट’सारखा नुसता उल्लेख सापडला तर तिथे पेन्सिलीने रिकामा चौकोन काढा. माझ्या पट्टीवर जावकच्या ओळीत भरलेल्यांपेक्षा रिकामे चौकोन जास्त आहेत, आणि रोज सकाळी मी त्यातला एक निवडून शोधायला बसते.