आरोग्य तपासणीला रोजंदारीची घरे यावीत, यासाठी शिबिर कसे आखावे?

नागपुरात मंडळे, बचत गट आणि गृहनिर्माण संस्था रविवारी सकाळी मोफत आरोग्य तपासणी ठेवतात, तेव्हा रांगेत बहुधा निवृत्त कर्मचारी, दुकानदार आणि एरवीही वर्षातून एकदा रक्त तपासून घेणारी मंडळीच दिसतात. पलीकडच्या वस्तीतील मिस्त्री, हमाल, धुणीभांडी करणाऱ्या बाया येत नाहीत. ‘त्यांना जाणीव नाही’ असे म्हणून आयोजक मोकळे होतात. हे मला मान्य नाही, आणि आकडेही ते मान्य करत नाहीत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातील ३० ते ४९ वयाच्या महिलांपैकी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी कधी तरी झालेल्या महिला अवघ्या १.९ टक्के निघाल्या. याउलट टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांत घरोघर जाऊन महिलांना बोलावले आणि प्रशिक्षित आरोग्यसेविकांकडून वस्तीतच हीच तपासणी केली, तेव्हा बोलावलेल्यांपैकी ८९ टक्के महिला आल्या आणि तपासणी झालेल्या गटात या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. गरीब घरातील बाई तपासणी टाळते असे नाही. आपली आखणी तिला टाळते.

वेळ वस्तीला विचारून ठरवा

मोफत शिबिरही रोजंदारीच्या माणसाला महाग पडते. सकाळी ठिय्यावर, म्हणजे मजुरांना काम मिळते त्या नाक्यावर, उभा न राहिलेला मजूर त्या दिवसाची मजुरी गमावतो, आणि धरमपेठेत चार घरची भांडी घासणारी बाई अकरा वाजता सभागृहात आली, तर तो तिचा खाडा धरला जातो. म्हणून तारीख ठरवण्यापूर्वी दिवेलागणीनंतर वस्तीत फिरावे आणि कोणत्या वेळी येणे जमेल हे घरोघर विचारावे. बहुतेक ठिकाणी संध्याकाळी सहा ते नऊ ही वेळ सोयीची ठरते. जागा पायी जाण्याजोगी असावी: समाजमंदिर, अंगणवाडी, शाळेची खोली. नागपूरचा उन्हाळा टाळून दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंतचे दिवस निवडावेत.

सरकारी यंत्रणेला आधीच सोबत घ्या

तीस वर्षांवरील प्रत्येकाची रक्तदाब, मधुमेह आणि तोंड, स्तन व गर्भाशयमुखाचा कर्करोग यांसाठी तपासणी करणे हा शासनाचाच कार्यक्रम आहे. त्यामुळे जवळच्या नागरी प्राथमिक आरोग्य केंद्रातील वैद्यकीय अधिकाऱ्यांना भेटावे. आशाताई घरी येऊन वय, तंबाखूचे व्यसन, कमरेचा घेर, शारीरिक हालचाल आणि घरातील आजारांचा इतिहास यांचा तक्ता भरतात. ज्यांचे गुण चारपेक्षा अधिक येतात, त्यांना आधी बोलवावे. तीस-चाळीस चाचण्यांच्या पॅकेजवर वर्गणी खर्च करू नये.

फलकावर विसंबू नका

निमंत्रण त्याच गल्लीतील बाईने, दारात उभे राहून द्यावे. काय तपासणार, किती वेळ लागेल, रक्त किती घेणार आणि उपाशी यायचे का, हे तिला सांगता आले पाहिजे. बोटातून थेंबभर रक्त घेऊन होणाऱ्या साखरेच्या प्राथमिक तपासणीला उपाशी राहावे लागत नाही, एवढे सांगितले तरी दिवसभर राबून आलेल्या माणसाची एक अडचण दूर होते.

तोंडाची तपासणी मनापासून करा

विदर्भात ही सर्वांत महत्त्वाची. खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखूचे मिश्रण, इथे भूक मारण्यासाठी, रात्रपाळीत जागे राहण्यासाठी, वेळ काढण्यासाठी खाल्ला जातो, त्यामुळे खाणाऱ्याला उपदेश केला की तो रांगेतून निघून जातो. आधी त्याला आपलीच तीन बोटे उभी एकावर एक धरून तोंडात घालायला सांगावे. ती मावत नसतील, तिखट लागताच आग होत असेल, गालाच्या आत पांढरा किंवा लाल चट्टा असेल, अथवा दोन आठवड्यांत न भरलेली जखम असेल, तर दंतवैद्याला दाखवणे आवश्यक आहे. सुपारीने गालाचे अस्तर घट्ट होत जाते आणि पुढे तिथेच कर्करोग होण्याची भीती असते, हे त्याच वेळी सांगितले, तर ऐकले जाते.

महिलांसाठी दार लागणारी खोली हवी

गर्भाशयमुखाची तपासणी मंडपात पडदा लावून होत नाही. आतून कडी लावता येणारी खोली, तपासणीसाठी टेबल आणि प्रशिक्षित परिचारिका किंवा महिला डॉक्टर असेल तरच ती ठेवावी. अन्यथा आरोग्य केंद्रात एक दिवस ठरवून बायकांना गटाने न्यावे, कारण चार ओळखीच्या बाया सोबत असल्या की संकोच कमी होतो. पातळ केलेले ॲसिटिक आम्ल लावून मिनिटभराने पाहायचे असते, पांढरा डाग दिसला तर पुढची तपासणी करायची असते आणि पाळीच्या दिवसांत यायचे नसते, ही माहिती आधीच द्यावी.

‘निघालंच काही, तर?’ याचे उत्तर तयार ठेवा

बहुतेक माणसे याच प्रश्नापाशी थांबतात. ज्याच्याकडे उपचाराचे पैसे नाहीत, त्याला निदान म्हणजे नुसता घोर वाटतो, आणि त्याचे म्हणणे रास्त आहे. म्हणून शिबिरापूर्वीच नागपुरातील मेडिकल, मेयो व डागा ही सरकारी रुग्णालये किंवा तुकडोजी कर्करोग रुग्णालय यांपैकी कोणत्या तक्रारीसाठी कुठे, कोणत्या दिवशी जायचे, हे लिहून घ्यावे. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचे संरक्षण आहे. त्यासाठी लागणारे रेशनकार्ड आणि आधारकार्ड यांतील नावे जुळतात का, हे शिबिरातच पाहून घ्यावे.

रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून अधिक, अथवा साखर १४० पेक्षा जास्त आढळलेल्यांची आणि चट्टा किंवा गाठ दिसलेल्यांची स्वतंत्र वही ठेवावी. ती वही एकाच जबाबदार व्यक्तीकडे असावी आणि नावे ध्वनिक्षेपकावरून पुकारू नयेत. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारासारख्या तपासणीचा निकाल गल्लीत पसरला, तर मुलीचे लग्न अडते. आठवड्याभरात प्रत्येकाच्या घरी जावे आणि जो दवाखान्यात गेला नसेल, त्याच्यासोबत पहिल्या खेपेला एकाने जावे. केसपेपरच्या खिडकीपासून योग्य खोलीपर्यंत पोहोचवणारा माणूस नसल्यामुळेच शिबिरात दवाखान्यासाठी दिलेल्या अनेक चिठ्ठ्या घरी तशाच पडून राहतात.