गावच्या संग्रहालयातून शाश्वततेचे शिक्षण: या चुका टाळा

आंतरराष्ट्रीय संग्रहालय परिषदेने २०२२ साली प्राग येथे संग्रहालयाची जी नवी व्याख्या स्वीकारली, तीत शाश्वततेला, म्हणजे निसर्गाची साधने पुढच्या पिढ्यांनाही पुरतील अशा जगण्याला, चालना देण्याचा स्पष्ट उल्लेख आहे. बेळगाव, खानापूर, निपाणी या भागांत शाळेत किंवा देवळाच्या ओवरीत जुन्या वस्तूंचे दालन मांडणाऱ्यांनी ही जबाबदारी आपलीही मानावी.

सर्वांत मोठी चूक म्हणजे वस्तू तिच्या पाण्यापासून आणि माणसांपासून तोडून मांडणे. एका शाळेच्या दालनात मी खिळ्याला टांगलेली मोट, म्हणजे बैलांकरवी विहिरीतून पाणी ओढायची चामड्याची पिशवी, पाहिली. खाली ‘पाणी काढण्याचे जुने साधन’ एवढीच चिठ्ठी होती आणि मुले क्षणभर थांबून पुढे जात होती. बैलांच्या बळावर दिवसभरात जेवढे पाणी निघे त्याला मर्यादा होती, विजेच्या पंपाने मात्र विहीर भरण्याच्या वेगापेक्षा उपसा अधिक होऊ शकतो, हा खरा धडा तिथे नव्हताच. मोटेशेजारी फळा लावून मुलांकडून गावातील विहिरीची पातळी दरमहा मोजून लिहून घ्यावी. मलप्रभा जिथे उगम पावते त्या कणकुंबीचा मुसळधार पाऊस आणि अथणीचा कोरडेपणा एकाच जिल्ह्यात आहेत, म्हणून दुसऱ्या गावाची मांडणी जशीच्या तशी उचलू नये.

दुसरी चूक रंगरंगोटीची. मातीच्या माठाच्या सूक्ष्म छिद्रांतून पाझरलेले पाणी बाष्प होताना उष्णता घेऊन जाते. बाहेरून ऑइलपेंट लावला की हे पाझरणे थांबते. दालनातील माठात पाणी गार होत नसेल, तर आधी हेच तपासावे. त्याहून चांगले म्हणजे एक रंगवलेला आणि एक कोरा माठ सकाळी भरून ठेवावा आणि दुपारी मुलांना दोन्हींतील पाणी चाखू द्यावे. धान्य साठवायच्या, शेणामातीने लिंपलेल्या कणगीलाही वार्निश लावू नये, कारण पोपडे निघाल्यावर ती पुन्हा कशी लिंपतात, हेच तर दाखवायचे असते.

फलक मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषांत असावेत. उद्घाटनाला फ्लेक्स नको, कापडी फलक पुरेसा आहे.

जुने ते सारे पर्यावरणपूरक आणि सुखाचे होते, असे भासवणे ही चूक मला सर्वांत जास्त खटकते. मोटेमागे चर्मकाराचे कष्ट होते, जात्यामागे पहाटे उठणाऱ्या बायकांचे. जात्यापाशी गावातील आजींना बसवून त्यांचे बोलणे नोंदवावे, आणि त्या ‘ते दिवस पुन्हा नकोत’ म्हणाल्या, तर तेही फलकावर लिहावे.